काचांच्या फटीतलं चिपाड

पश्चिमेच्या खिडकीत उभा ठेवलेला एक काचेचा चौकोन. रंगद्रव्यावर चालणारा सौर सेल, बोटाच्या दोन पेरांएवढा. एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे टायटॅनियाचा, थर, त्यावर चढलेला रुथेनियमच्या रंगद्रव्याचा गडद किरमिजी रंग. दुसऱ्या काचेवर प्लॅटिनमची जेमतेम जाणवणारी करडी छटा. दोन काचांमध्ये पंचवीस मायक्रॉनची फट आणि त्या फटीत आयोडीनचा नारिंगी-तपकिरी द्रव. एप्रिल सुरू झाला की वरच्या कोपऱ्यात एक बुडबुडा दिसायला लागतो. आधी टाचणीच्या डोक्याएवढा, मग नखाएवढा. काचेच्या कडेला पिवळसर ओघळ सुकलेला असतो आणि नाक जवळ नेलं तर दवाखान्यातल्या आयोडीनचा वास येतो. सेल मोजला तर प्रवाह निम्म्यावर. उघडून पाहावं तर रंगद्रव्य शाबूत, टायटॅनियाचा थर शाबूत, प्लॅटिनमही शाबूत. गेलेलं असतं ते फक्त पाण्यासारखं पातळ, अंगचं असं काही नसलेलं द्रावक, ज्याचं नाव संशोधनाच्या मथळ्यात सहसा येत नाही. एवढ्या महागाच्या वस्तू जागच्या जागी राहतात आणि सगळ्यात साधी वस्तू निघून जाते, हे दृश्य मनात रुतून बसतं.

१९९१ साली लोझानच्या प्रयोगशाळेतून ब्रायन ओरिगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी या सेलचं आधुनिक रूप जगासमोर मांडलं, तेव्हापासून हे दुखणं सोबत आहे. प्रकाश पडला की रंगद्रव्याचा रेणू इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देतो. त्याची रिकामी झालेली जागा आयोडाइड भरून काढतं आणि स्वतः ट्रायआयोडाइड होतं. हे ट्रायआयोडाइड फट ओलांडून प्लॅटिनमपाशी जातं, तिथे इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हा आयोडाइड होतं आणि परत फिरतं. ही ये-जा सेकंदागणिक अखंड चालते. ती जितकी मोकळी तितका सेल चांगला, म्हणून द्रव जितका पातळ तितका बरा, आणि ॲसिटोनायट्राइल या द्रावकाइतकं पातळ फारसं काही मिळत नाही. पण ते ८२ अंशांना उकळतं. उन्हात तापलेल्या पत्र्यावरचा सेल तिथवर पोचत नसला तरी साठ-सत्तर अंशांना आतला बाष्पदाब काचांच्या कडा बंद करणाऱ्या सर्लिन या प्लास्टिकच्या पातळ पट्टीला रोज थोडा थोडा ढकलत राहतो, रात्री थंडावला की पट्टी परत आक्रसते. अशा कितीतरी दिवसांनी कुठेतरी केसाएवढी वाट तयार होते. तीन-मेथॉक्सीप्रोपिओनायट्राइल हे त्याचं जड भावंड १६५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून टिकाऊपणाच्या चाचण्यांत ते वापरतात. तरी द्रव तो द्रवच. काच तडकली की वाहून जाणार.

त्यावरचा पहिला भरवशाचा उपाय २००३ साली ग्रेट्झेलच्याच गटाने दाखवला. याच मेथॉक्सीप्रोपिओनायट्राइलमध्ये वजनाच्या पाच टक्के फ्लोरिनयुक्त पॉलिमर विरघळवला की द्रव थिजून जेल होतो, आणि पाण्याला दूर ठेवणाऱ्या लांब शेपट्यांचं झेड-९०७ हे रंगद्रव्य सोबतीला घेतलं की ८० अंशांना हजार तास काढूनही सेल तग धरतो. हे फार मोलाचं काम होतं. मात्र जेल धरून ठेवणारा पदार्थ खनिज तेलातून आलेला, फ्लोरिनचा, निसर्गात न कुजणारा. अशा फ्लोरिनयुक्त पदार्थांवर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपात २०२३ साली मांडला गेला, त्यात फ्लोरोपॉलिमरही आहेत. स्वच्छ ऊर्जेच्या फटीत ज्याची विल्हेवाट कुणाला लावता येत नाही असा पदार्थ भरायचा, याचं समाधान मला कधी वाटलं नाही.

खरं म्हणजे सेल्युलोज या सेलमध्ये पहिल्यापासून आहेच. टायटॅनियाची पेस्ट छापण्याजोगी व्हावी म्हणून तिच्यात टर्पिनिऑल आणि इथाइल सेल्युलोज घालतात. पेस्ट काचेवर ओढली, भट्टीत ४५० अंशांना अर्धा तास ठेवली, की इथाइल सेल्युलोज जळून जातं आणि त्याच्या जागी उरतात पंधरा-वीस नॅनोमीटरची छिद्रं. म्हणजे ज्या पोकळीत रंगद्रव्य बसतं आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे तो आयोडीनचा द्रव, मुरतो, ती पोकळी सेल्युलोजनेच कोरलेली असते.

कोरणाऱ्याला राहायला जागा द्यायची, म्हणजे फ्लोरोपॉलिमरऐवजी सेल्युलोजनेच द्रव थिजवायचा, इतकीच पुढची पायरी.

ते सेल्युलोज आणायचं कुठून? कापसाच्या सरकीवरची लव सगळ्यात शुद्ध, जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेत नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण-धागे, काढण्याचा प्रायोगिक प्रकल्पही आहे. विदर्भातली पऱ्हाटी, केळीचे कापून टाकलेले खांब, भाताचा पेंढा, मलेशियात केनाफची साल, असं ज्या त्या मुलखाने आपापलं आणलं आहे. आपल्याकडे हाताशी असतं ते उसाचं चिपाड. टनभर ऊस गाळला की अडीचशे ते तीनशे किलो चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, निघतो, त्यात निम्मं पाणी. कारखान्याच्या दृष्टीने तो कचरा नव्हे. बॉयलर त्याच्यावरच चालतो आणि सहवीजनिर्मितीही. रसवंतीच्या कोपऱ्यातला ढीग किंवा शेतात जाळलं जाणारं पाचट मात्र खरंच वाया जातं. चिपाड हातात घेतलं की त्याचे दोन स्वभाव कळतात: बाहेरची कडक, चकाकणारी, हाताला कुसळ लावणारी साल आणि आतला दाबला की बसणारा स्पंजासारखा मऊ गाभा. धागा सालीत असतो. गाभ्यात बुटक्या पेशी, माती आणि राख जास्त. म्हणून आधी चाळून गाभा झाडायचा. घाई करून सगळं एकत्र दळलं तर पुढे प्रत्येक पायरीला गाळण तुंबतं.

सुकलेल्या चिपाडात साधारण चाळीस ते पन्नास टक्के सेल्युलोज, पाव हिस्सा हेमिसेल्युलोज, वीस-पंचवीस टक्के लिग्निन आणि दोनेक टक्के राख. काढण्याची रीत जुनीच, कागदवाल्यांची. वीस ग्रॅम चिपाड गरम पाण्यात तीनदा धुऊन साखर घालवायची. साखर राहिली तर पुढे सगळं काळवंडतं. साठ अंशांना वाळवून दळायचं, चाळीस मेशच्या चाळणीतून काढायचं. दोनास एक टोल्युइन-इथेनॉलमध्ये सॉक्सलेटवर (गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) सहा तास ठेवलं की सालीवरचं मेण उतरतं. मग दीड टक्का सोडियम क्लोराइटचं सहाशे मिलिलिटर द्रावण, ॲसिटिक आम्लाने सामू चारवर आणलेलं, सत्तर-पंचाहत्तर अंशांना दोन तास. गाळून, धुऊन पुन्हा तेच, रंग जाईपर्यंत. तपकिरी भुशाचा फिका पिवळा, पिवळ्याचा दुधाळ पांढरा होताना पाहणं हे या कामातलं सुख आहे. पण त्याच वेळी भांड्यातून हिरवट-पिवळा क्लोरीन डायऑक्साइड निघत असतो, विषारी आणि साठला तर स्फोटक. हे काम धूरपेटीबाहेर कधीही करू नये आणि भांडं घट्ट बंद करू नये. शेवटी पाच टक्के कॉस्टिक सोड्यात ऐंशी अंशांना दोन तास. हेमिसेल्युलोज आणि बरीचशी सिलिका यात विरघळून जाते. धुतल्यावर हातात येतं सात-आठ ग्रॅम पांढरं, ओलसर, कापसाहून आखूड धाग्याचं सेल्युलोज.

या पांढऱ्या रंगावर विसंबणं हीच पहिली फसगत. कागदासाठी जे पुरेसं शुद्ध असतं ते आयोडीनच्या शेजारी राहायला पुरेसं असतंच असं नाही. लिग्निनचे फिनॉलिक गट आयोडीन ओढून घेतात, त्याच्याशी कायमचे जोडले जातात. दोन-तीन टक्के लिग्निन मागे राहिलं तर सेल पहिल्या दिवशी उत्तम मोजला जातो आणि पुढच्या आठवड्यांत त्याचा नारिंगी रंग हळूहळू फिका पडतो. ट्रायआयोडाइड संपत चाललेलं असतं आणि दोष बिचाऱ्या सर्लिनला दिला जातो. याच्या अगदी उलट बिघाड क्लोराइटचा. धाग्यात अडकलेलं क्लोराइट आयोडाइडचं आयोडीन करतं. जेल मिसळता मिसळताच गडद होतं आणि प्रमाणं कोलमडतात. याची परीक्षा फार सोपी आहे. पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च लावलेल्या कागदी पट्टीवर धुवणाचा थेंब टाकायचा, त्यावर ॲसिटिक आम्लाचा एक थेंब. पट्टी निळी झाली तर अजून धुवायचं. पुढे सेलमध्ये जी विक्रिया नको आहे, तीच इथे पट्टीवर आधी दिसते. तिसरा चोर लोखंडाचा. दळायचं यंत्र गंजलेलं असेल किंवा पाणी विहिरीचं असेल तर फेरिक आयन येतात आणि तेही आयोडाइडला भिडतात. शेवटचं धुणं ऊर्ध्वपातित पाण्यानेच हवं.

आणि मग पाणी. सेल्युलोजच्या साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोजवर तीन हायड्रॉक्सिल गट, पाण्याला बिलगून बसणारे. साध्या हवेतही त्यात सहा-आठ टक्के ओल असते. पावसाळ्यात कोकणात किंवा कोल्हापुरात त्याहून जास्त. ही ओल सेलमध्ये गेली की रंगद्रव्याची टायटॅनियावरची कार्बॉक्सिलेटची पकड सुटायला लागते आणि किरमिजी रंग द्रवात उतरतो. म्हणून वाळवायचं. पण सेल्युलोज वाळवलं की शेजारचे धागे एकमेकांना असे चिकटतात की परत पाण्यात घातले तरी पूर्ववत सुटत नाहीत. वाळवलं नाही तर रंगद्रव्य जातं, वाळवलं तर धागा जातो. या पेचातून निघायची वाट म्हणजे वाळवायचंच नाही, पाणी बदलायचं. सेल्युलोज फोडून केलेल्या नॅनोधाग्यांचं ओलं जेल भिजवलेल्या सब्जासारखं असतं, दोन टक्के धागा आणि बाकी पाणीच पाणी. ते आधी इथेनॉलमध्ये, मग ॲसिटोनमध्ये, मग कोरड्या मेथॉक्सीप्रोपिओनायट्राइलमध्ये, दर वेळी नवं द्रावक आणि काही तासांची उसंत. धागे सुटेच राहतात आणि पाणी निघून जातं. शेवटी ओल मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्रावर ती मोजून घ्यावी. इथे अंदाज चालत नाही.

धाग्याऐवजी रेणूच विरघळवायचा असेल तर सेल्युलोजवर रासायनिक हात फिरवावा लागतो, कारण निव्वळ सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही आणि नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांतही नाही. सगळ्यात ओळखीचं रूप कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज. पाच ग्रॅम सेल्युलोज दीडशे मिलिलिटर आयसोप्रोपेनॉलमध्ये ढवळत ठेवून त्यात तीस टक्के कॉस्टिकचं पंधरा मिलिलिटर द्रावण थेंबाथेंबाने अर्ध्या तासात सोडायचं. तासभर धागे फुगू द्यायचे. मग सहा ग्रॅम मोनोक्लोरोॲसिटिक आम्ल, पंचावन्न अंश, साडेतीन तास. हे आम्ल कातडीतून अंगात भिनतं, हातमोजे आणि चष्मा याला पर्याय नाही. ॲसिटिक आम्लाने उदासीन करून ऐंशी टक्के इथेनॉलने धुतलं की मीठ आणि सोडियम ग्लायकोलेट निघून जातं. प्रत्येक ग्लुकोजमागे सरासरी ०.४ च्या वर गट बसले तरच ते पाण्यात नीट विरघळतं. कॉस्टिक वाढवून हा आकडा वाढेल असं वाटतं खरं, पण एका मर्यादेनंतर आम्ल सेल्युलोजला सोडून कॉस्टिकशीच लग्न लावतं आणि हाती नुसतं ग्लायकोलेट येतं. शिवाय हे रूप पाण्यातच विरघळतं, त्यामुळे ते पाण्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रोलाइटसाठी ठीक. रंगद्रव्य त्या बेताचं हवं.

सेंद्रिय जेलसाठी मला हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज बरं वाटतं. इथिलीन कार्बोनेट आणि प्रोपिलीन कार्बोनेट समान वजनात, सोबत डीएमएसओ हे द्रावक. त्यात तीन-चार टक्के हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज चिमटीचिमटीने, जोरात ढवळत. एकदम ओतलं तर बाहेरून चिकट आणि आत कोरड्या अशा गाठी होतात, त्या तासन्‌तास फुटत नाहीत. ऐंशी अंशांना पारदर्शक झालं की टेट्राप्रोपाइलअमोनियम आयोडाइड. दहा मिलिलिटरला अर्धा मोलर म्हणजे १.५७ ग्रॅम. आयोडीन त्याच्या दशांश मोल, ०.१२७ ग्रॅम, आणि ते सगळ्यात शेवटी, जेल कोमट झाल्यावर. गरम जेलमध्ये आयोडीन टाकलं तर जांभळी वाफ उठते आणि तोललेलं प्रमाण हवेत जातं.

जेल झाल्यावर खरा हिशेब सुरू होतो. दोन प्लॅटिनमच्या काचांमध्ये तेच जेल भरून मर्यादा-प्रवाह, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह वाहू शकतो ते, मोजता येतो. पंचवीस मायक्रॉन फट आणि ०.०५ मोलर ट्रायआयोडाइड असताना विसरणाचा गुणांक (आयन किती सहज पसरतात त्याचं माप) पातळ द्रवातल्यासारखा सेकंदाला १०⁻⁵ चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला ७७ मिलिॲम्पिअर वाहू शकतात. पूर्ण उन्हात सेलला लागतात पंधराच्या आसपास. म्हणजे ऐसपैस जागा आहे. जेलमध्ये हा गुणांक दहापटीने घसरला की मर्यादा ७.७ वर येते आणि सेल आपल्याच इलेक्ट्रोलाइटमध्ये गुदमरतो. साठ मायक्रॉनची जाड पट्टी वापरली असेल तर ३.२. आयोडीन दुप्पट करून मर्यादा दुप्पट होते, पण ट्रायआयोडाइड निळा-जांभळा प्रकाश स्वतःच गिळतं आणि टायटॅनियातले इलेक्ट्रॉनही परत ओढतं, त्यामुळे व्होल्टेज पडतं. म्हणून फट पातळ ठेवणं हा सगळ्यात प्रामाणिक उपाय. इथे धाग्याची बाजू रेणूपेक्षा वरचढ ठरते. विरघळलेला पॉलिमर सगळीकडे द्रव घट्ट करतो. न विरघळलेले नॅनोधागे जाळं करतात आणि जाळ्याच्या घरांत द्रव पातळचा पातळ राहतो. आयन तिथून जवळजवळ द्रवातल्यासारखेच पळतात. धागे लांब असल्यामुळे टायटॅनियाच्या छिद्रांत शिरत नाहीत, आत फक्त द्रव जातो, आणि तेच हवं असतं.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात २०१४ साली कटी मिएट्टुनेन आणि सहकाऱ्यांनी नॅनोसेल्युलोजच्या एरोजेलचा (द्रव काढून घेतलेलं, पोकळ्यांनी भरलेलं हलकं जेल) पडदा वापरून आणखी एक जुनं दुखणं हाताळलं. एका भोकातून द्रव भरला की तो टायटॅनियातून झिरपत पुढे जातो आणि वाटेत टायटॅनिया त्यातले काही घटक, विशेषतः व्होल्टेज सांभाळणारं टर्शरी ब्युटाइलपिरिडीन, शोषून घेतं. भोकाजवळ एक द्रव, टोकाला दुसराच. छोट्या सेलमध्ये हे कळत नाही, हातभर पट्टीत कळतं. एरोजेलचा पडदा आधीच थरावर ठेवून त्यावर मोजून थेंब टाकले की द्रव वरून खाली मुरतो, सगळीकडे सारखा. त्याच सुमारास तुरिनमध्ये सूक्ष्म सेल्युलोज धागे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरमध्ये मिसळून पडदे केले गेले. या दोन्ही कामांत सेल्युलोज हिरवं आहे म्हणून निवडलेलं नाही, ते काम करतं म्हणून निवडलेलं आहे. मला यात मोठा दिलासा वाटतो.

कारण हिरवेपणाचा हिशेब मांडला तर तो लहानच निघतो. चौरस मीटरभर सेलच्या पंचवीस मायक्रॉन फटीत मावतो पंचवीस मिलिलिटर इलेक्ट्रोलाइट. त्यात पाच टक्के सेल्युलोज धरलं तरी सव्वा ग्रॅम. लोझानच्या स्विसटेक सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर २०१४ साली अशा रंगीत सेलचे सुमारे तीनशे चौरस मीटर बसवले गेले. तेवढ्या भिंतीलासुद्धा चारशे ग्रॅमच्या आत सेल्युलोज पुरेल. किलोभर चिपाड. रसवंतीवाला दुपारी तासाभरात याहून जास्त बाजूला सारतो. शेतातलं पाचट या वाटेने संपेल असं कुणी सांगत असेल तर त्याने हा गुणाकार केलेला नाही. आणि या सव्वा ग्रॅमच्या मागे क्लोराइटचं पाणी आहे, कॉस्टिकचा काळा गाळ आहे, टोल्युइन आहे. ते मोरीत सोडून दिलं तर फ्लोरोपॉलिमर टाळून काय मिळवलं? क्लोराइटऐवजी अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येतं; रंग तितका उजळत नाही, वेळ जास्त लागतो, लिग्निन पुन्हा मोजावं लागतं. मी तरीही तेच सुचवेन.

मिळवायचं असतं ते वेगळंच. द्रव जागेवर राहणं, काच तडकली तरी न सांडणं, आणि सेलचं आयुष्य संपल्यावर काचा सोडवून पॉलिमर धुऊन काढता येणं, म्हणजे महागाची काच आणि प्लॅटिनम परत हाती येणं. त्यातून या सेलचा खरा संसार आता उन्हात कमी आणि घरात जास्त चालला आहे. स्टॉकहोमच्या एक्सेगरने हे सेल हेडफोनच्या पट्ट्यांत घातले आहेत. खोलीतल्या हजार लक्स उजेडात दर चौरस सेंटिमीटरला लागणारा प्रवाह पूर्ण उन्हातल्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तिथे ७.७ ची मर्यादा हा अडथळाच उरत नाही. जेल दुप्पट घट्ट केलं, साठ मायक्रॉनची पट्टी घातली, तरी आयनांना वाट पुरते. मग आयोडीन कमी करता येतं, त्यामुळे निळा प्रकाश वाचतो, आणि मंद उजेडात जो इलेक्ट्रॉन परत गळतो तोही कमी गळतो. चिपाडाच्या जेलची उन्हातली उणीव या मंद उजेडात नडत नाही. म्हणून पुढचं मोजमाप इथेच करावं: दोनशे, पाचशे आणि हजार लक्सवर, आयोडीन ०.०५ वरून ०.०१ मोलरपर्यंत उतरवत, आणि प्रत्येक सेलच्या नोंदीत कार्यक्षमतेच्या शेजारी दोन रकाने जास्तीचे ठेवून. जेलमधली ओल किती होती, आणि त्या ग्रॅमभर सेल्युलोजला किती लिटर पाणी लागलं.